उभी सायकल, भर दुपार आणि फटाक्यासारखा आवाज : टायर नेमका फुटतो कशानं?

पूर्णाकाठ · सोमवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. आम्ही परभणीपासून आठ-नऊ किलोमीटरवर राहतो. मुलगी यंदा दहावीत जाईल. तिचे उन्हाळी जादा तास चालू आहेत, रोज सायकलनं जाते. आज दुपारी साडेबाराच्या सुमाराला सायकल शाळेच्या भिंतीशी उभी होती. वर पत्रा नाही, शेजारी झाड नाही. वर्गात बसलेल्या सगळ्यांना फटाका वाजल्यासारखा आवाज आला. बाहेर येऊन बघतात तर हिच्या सायकलचं मागचं चाक बसलेलं.

नेमका त्याच वेळी वर्गातला एक मुलगा पाणी प्यायला बाहेर गेला होता. मागच्या आठवड्यात त्याचं नि हिचं वहीवरून भांडण झालेलं. झालं, सगळ्यांनी ठरवून टाकलं की त्यानंच पिन टोचली. उद्या बारा वाजता वडिलांना घेऊन ये म्हणून सांगितलंय. त्याचे आई-वडील ऊसतोडीवरून आत्ताच कुठं गावाकडं परतलेत. पोरगं रडत म्हणत होतं, "मी हातबी लावला नाही." माझी मुलगी आधी त्याच्यावर चिडली होती, पण संध्याकाळपासून गप्प बसून आहे. जेवली पण नाही नीट.

मला एवढंच कळून घ्यायचंय. कुणी हात न लावता नुसती उभी असलेली सायकल फुटू शकते का? उन्हानं फुटते असं सगळेच म्हणतात. मग शेजारच्या वीस सायकली का नाही फुटल्या?

मांजराकाठ · सोमवार, रात्री ९.२५

ताई, फुटते. आमच्या लातूरला दर उन्हाळ्यात फुटायल्यात. रबर तापतं, हवा फुगते, टायरला सोसत नाही. म्हणून आम्ही गुढीपाडवा झाला की हवा कमीच ठेवतो. शेजारच्या सायकलींत हवा कमी असणार, हिच्यात गच्च भरलेली असणार. त्या लेकराला उगं बोलू नका.

पाना_पक्कड · सोमवार, रात्री ९.५०

ताई, मी जालन्यात सायकल दुरुस्तीचं दुकान चालवतो, ३१ वर्षं झाली. पहिल्यांदा मला आवाजाचं सांगा. खरंच फटाक्यासारखा एकच आवाज आला का? का आधी सुस्स झालं आणि मग चाक बसलं?

हे विचारतोय कारण सगळा निकाल इथंच लागतो. पिन टोचली, खिळा घुसला, सराटा लागला, बाभळीचा काटा मोडला, यातल्या कशानंच फटाका वाजत नाही. ट्यूब टायरच्या आत असते. तिला बारीक भोक पडलं की हवा त्या भोकातून टायरमधी येते, तिथून कडेनं नाहीतर वॉलच्या (हवा भरायच्या नळीच्या) भोकातून हळूहळू बाहेर जाते. सुस्स होतं किंवा तेवढंही होत नाही. चारेक मिनिटांत चाक बसतं, काटा बारीक असला तर दुसऱ्या दिवशी सकाळी बसलेलं दिसतं. धडाम् असा आवाज यायचा तर ट्यूबला टायरच्या बाहेर येऊनच फुटावं लागतं. टायर अख्खा आणि जागेवर असेल तर आतली ट्यूब फुटून आवाज करूच शकत नाही, कारण तिला फुगायला जागाच नसते.

ट्यूब बाहेर येण्याला दोनच वाटा आहेत. एक तर टायर फाटलेला असतो, नाहीतर टायरची कड रिममधून वर निघालेली असते. तुमच्यात कोणतं झालंय ते बघा. चाकाला अजून हात लावला नसेल तर बरं. लावू पण नका, आधी नुसतं बघा.

पूर्णाकाठ · सोमवार, रात्री १०.०५

आवाज एकच झाला, मोठा. तीन वर्ग पलीकडं ऐकू गेला म्हणे. दादा, तुमचं वाचून मला एकदम हायसं वाटलं. सायकल तशीच ढकलत आणलीय, अंगणात आहे. लाईट गेलीय. सकाळी उजेडात बघून लिहिते.

बालाघाटी · सोमवार, रात्री १०.४०

मी अंबाजोगाईत पदार्थविज्ञान शिकवत होतो, आता निवृत्त आहे. पाना_पक्कड यांनी सांगितलेलं शंभर टक्के बरोबर आहे, मी त्याच्या पाठीमागचं गणित मांडतो. उद्या बारा वाजता ते शाळेत सांगायची वेळ आली तर ताईंच्या उपयोगी पडेल.

ट्यूबमध्ये दाब सोसायची ताकद जवळजवळ नसते. नुसती ट्यूब हातात धरून पंप मारून पहा, थोड्याच वेळात ती एका बाजूनं भोपळ्यासारखी फुगत जाते. तिचं काम हवा धरून ठेवायचं. जोर सोसतो तो टायर, आणि टायरमध्येही रबर नव्हे तर आतला धागा. हल्ली हा धागा नायलॉनचा असतो, पूर्वी सुती असायचा. तो तिरपा, एकावर एक उलट दिशेनं घातलेला असतो. वरचं रबर फक्त रस्त्याची घासण सोसायला आणि धाग्याला ओल लागू नये म्हणून. टायरच्या दोन्ही कडांत पोलादी तार असते. तिचा घेर रिमच्या बाहेरच्या ओठापेक्षा लहान असतो, म्हणून ती त्याच्यावरून निसटत नाही. एवढ्यावरच सगळा डोलारा उभा.

आता जोर किती? ५० पौंड हवा म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साडेतीन किलो. तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर आतून साडेतीन किलोचं वजन सतत ढकलतंय असं समजा. टायरच्या बाजूला नखाएवढी चीर पडली आणि आतला धागा तुटला, की तेवढ्या जागेतून ट्यूब बाहेर डोकावू लागते. आधी फोडासारखी. मग फुगा. फुग्याचं रबर ताणून पातळ होत जातं आणि एका क्षणी फुटतं. याला दोन मिनिटं लागतील किंवा दोन दिवस, ते चिरेवर अवलंबून. रबराची सवयच अशी आहे की सतत ताण राहिला तर ते हळूहळू सरकत राहतं. म्हणून सकाळी भरलेलं चाक दुपारी, कुणीही जवळ नसताना फुटू शकतं.

आणि ऊन? त्याचा वाटा आहे, पण लोक समजतात तेवढा नाही. बंद जागेतल्या हवेचा दाब तिच्या निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढतो. सकाळी २५ अंशाला हवा भरली, दुपारी काळा टायर उन्हात ६५ अंशापर्यंत गेला असं धरू. निरपेक्ष मापात ते २९८ वरून ३३८, म्हणजे साधारण साडेतेरा टक्के वाढ. ही वाढ बाहेरच्या वातावरणाचा दाब मिळवून होणाऱ्या एकूण आकड्यावर धरायची. हिशोब केला तर ५० पौंडाचे ५८-५९ होतात. आठ-नऊ पौंड वाढले. धड टायर एवढ्यानं फुटत नाही, त्याच्यात त्याहून पुष्कळ जास्त सोसायची ताकद ठेवलेली असते. शेजारच्या वीस सायकली फुटल्या नाहीत त्याचं उत्तर हे आहे, ताई. ऊन सगळ्यांना सारखंच लागलं, आणि एकाच टायरमध्ये आधीपासून काहीतरी बिघडलेलं होतं. ते काय, हे शोधायचं.

मांजराकाठ · सोमवार, रात्री ११.०२

सर, तुमचं गणित मान्य. पण मग कमी हवेत काय वाईट आहे? कमी भराल तर वाढून वाढून किती वाढेल?

पाना_पक्कड · मंगळवार, सकाळी ६.४५

मांजराकाठ भाऊ, दुकानात येणाऱ्या फुटलेल्या टायरांपैकी निम्मे तरी कमी हवेनं मेलेले असतात. तुम्ही म्हणता ती सवय आमच्याकडंही लई लोकांना आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

हवा कमी असली की टायर खाली चपटा होतो. चाकाचा प्रत्येक फेरा झाला की बाजूची भिंत मुडपते आणि सरळ होते. तार सारखी मागंपुढं वाकवली तर कशी तुटते, तसाच आतला धागा तुटत जातो. बाहेरून रबर चांगलं दिसतं, आतून कॅनव्हास उसवलेला. मग एके दिवशी बाजूला टेंगूळ येतं. टेंगूळ आलं म्हणजे तिथला धागा संपला, फक्त रबर शिल्लक राहिलं. त्या टायरवर घरापर्यंत सुद्धा जाऊ नये.

याच्याहून वाईट म्हणजे पंक्चर झाल्यावर बसून दामटणं. सराटा लागला, हवा गेली, दुकान दोन किलोमीटरवर, मग माणूस तसाच चालवत येतो. रिमची कड टायरच्या बाजूला चिरडत येते. आम्ही पंक्चर काढून देतो, गिऱ्हाईक पैसे वाचले म्हणून खुश. दहा दिवसांनी तोच टायर फुटतो आणि म्हणतात ऊन लागलं. सराटा बिचारा दहा दिवसांपूर्वीच निघून गेलेला असतो.

मांजराकाठ · मंगळवार, सकाळी ७.१५

दादा, तुम्ही हे लिहिलं आणि मला २०१६ आठवलं. त्या एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे आली लातूरला, पहिल्या फेरीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. सगळ्या देशानं बघितली ती रेल्वे. पण रेल्वेचं पाणी आमच्या गल्लीपर्यंत यायला टँकर लागायचा, आणि टँकर नाही आला की सायकल. मी तेव्हा कॉलेजात होतो. मागच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंनी दोन-दोन कॅन, वीस-वीस लिटरचे. ऐंशी किलो फक्त पाणी. हँडल धरून चालत आणायचं, बसायची सोयच नव्हती. त्या दोन महिन्यांत माझे मागचे तीन टायर फुटले. तिन्ही भर उन्हात फुटले म्हणून मी उन्हावर ठेवलं. हवा तेव्हाही कमीच ठेवत होतो, "फुटू नये" म्हणून.

बालाघाटी · मंगळवार, सकाळी ७.४०

मांजराकाठ, तुमच्या त्या चाकाचं गणित सोपं आहे. चाक जमिनीला जेवढ्या जागेत टेकतं, ती जागा गुणिले दाब म्हणजे ढोबळमानानं वरचं वजन. मागच्या चाकावर पाणी आणि सायकल मिळून शंभर किलो धरा. ५० पौंड हवा असती तर टायर साधारण २८-२९ चौरस सेंटिमीटर टेकला असता. २५ पौंडात तोच ५७ टेकणार. दुप्पट चपटा. म्हणजे प्रत्येक फेऱ्याला बाजू दुप्पट जागेत मुडपणार, आणि खड्डा आला की थेट रिम जमिनीला. ओझं वाढलं की हवा वाढवावी लागते, आणि तुम्ही उलट केलंत. त्या वेळी हे सांगणारं कुणी जवळ नव्हतं याचं वाईट वाटतं. तीन टायरांचे पैसे त्या उन्हाळ्यात फार मोठे होते.

पूर्णाकाठ · मंगळवार, सकाळी ८.०५

मंडळी, बघितलं. दिसलं ते सगळं लिहिते, तुम्ही सांगा.

टायर जुना नाही, दिवाळीत घातलेला. बाजूला कुठंही चीर नाही, पिनेचं भोक नाही, टेंगूळ नाही. मुलीनं पूर्ण टायर बोटांनी चाचपला. पण वॉलच्या जवळ साधारण एक वीतभर टायरची कड रिममधून बाहेर आलेली आहे. ट्यूब काढली. तिला भोक नाही, लांबच लांब फाट आहे, माझ्या मधल्या बोटापेक्षा लांब. टायरच्या घेराच्या दिशेनं फाटलीय. फाट रस्त्याकडच्या बाजूला नाही, आतल्या कडेला आहे, रिम आणि टायर जिथं मिळतात तिथं.

आणखी एक. रविवारी संध्याकाळी पंक्चर झालं होतं, ते हिच्या वडिलांनी घरीच काढलं, लाईट नव्हती तेव्हा मोबाईलच्या उजेडात. पंप बिघडलेला म्हणून सोमवारी सकाळी जाताना मुलीनं हायवेवर ट्रकची हवा भरतात तिथं भरून घेतली. किती भरली ते तिला माहीत नाही. "टणक झाली होती, हाताला दगडासारखी" म्हणाली. टायरवर ५० लिहिलंय.

पाना_पक्कड · मंगळवार, सकाळी ८.२०

ताई, लेकराला सोडवा. त्यानं काही केलेलं नाही.

ट्यूब टायरच्या तारेखाली दबली होती. घाईत, अंधारात टायर बसवताना हे सगळ्यांकडून होतं, माझ्याकडूनही झालंय, साहेबांना बोलू नका. बहुतेक वेळा वॉलजवळ होतं, कारण तिथं वॉलच्या बुडाला रबर जाड असतं. ट्यूबची घडी तारेखाली अडकली की तार रिमच्या खाचेत खोल बसत नाही, वर उचललेली राहते. हवा कमी असताना काही कळत नाही. जास्त भरली की कड हळूहळू वर सरकते, ट्यूब त्या फटीतून बाहेर येते आणि धडाम्. फाट लांब, टायर धड, आणि कड बाहेर, हे तिन्ही एकत्र दिसलं की दुसरं कारण शोधायची गरजच नाही. पिनेनं हे होत नाही. ब्लेडनं कापलं असतं तर टायरला काप दिसला असता.

त्यात ट्रकची हवा. ट्रकला शंभराच्या वर पौंड लागतात, त्या टाकीत तेवढा दाब तयार असतो. ट्रकच्या टायरला हवा भरायला वेळ लागतो कारण तो मोठा. सायकलच्या टायरमधी जागा दोन-तीन लिटरची. नळी लावून "एक, दोन, तीन" म्हणेपर्यंत ५० ओलांडून हवा कुठल्या कुठं जाते. साध्या सायकलच्या वॉलला आत वॉलट्यूब (रबराची बारीक नळी) असते, तिच्यावर काटा लावून दाब नीट मोजताही येत नाही. भरणाऱ्याचा अंदाज, आणि त्याचा हात ट्रकला सरावलेला.

बालाघाटी · मंगळवार, सकाळी ८.३५

ताई, शाळेत ट्यूब आणि टायर दोन्ही घेऊन जा. तोंडी सांगण्यापेक्षा दाखवलेलं पटतं. आणि जमलं तर समोरच एक जुनी ट्यूब टायरमध्ये नीट बसवून हवा भरा आणि पिन टोचून दाखवा. सुस्स आवाज सगळ्यांना ऐकू द्या. विज्ञानाच्या शिक्षकांना सोबत घ्या, त्यांना आनंदच होईल. प्रयोग करताना एक काळजी घ्या, ५० च्या आतच भरा आणि मुलांना चाकापासून लांब उभं करा.

वेरूळवारी · मंगळवार, दुपारी १.१०

ताईंचं काय झालं याची वाट बघतोय. तोवर माझा अनुभव लिहितो, कारण याच्यात ऊन नव्हतं आणि ट्यूबही दबलेली नव्हती.

आम्ही संभाजीनगरचे काही जण रविवारी पहाटे दौलताबादवरून खुलताबाद, वेरूळ असे जातो. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात परत येताना खुलताबादचा घाट उतरत होतो. थंडी होती, हातमोजे घातलेले. समोर ऊस घेऊन ट्रॅक्टर, त्याच्या मागं मी, म्हणून पूर्ण उतार ब्रेक दाबूनच. तीन-चार वळणं झाली आणि पुढचा टायर धडामदिशी गेला. हँडल हातातून सुटलं, मी कठड्याकडं फेकला गेलो. मनगट मोडलं. मागून गाडी असती तर आज हे लिहायला नसतो. थंडीत टायर फुटला म्हणून मला वर्षभर कोडं पडलं होतं.

नंतर समजलं. आमच्या सायकलींचे ब्रेक रिमलाच घासतात. उतरताना वेगाची सगळी ताकद रिममध्ये उष्णता होऊन शिरते. सर, तुम्ही आकडा काढाल का?

बालाघाटी · मंगळवार, दुपारी २.३०

काढतो. माणूस आणि सायकल मिळून ८० किलो, आणि दीडशे मीटर उंची ब्रेक दाबून उतरली असं धरू. साधारण ११७ किलोज्यूल ऊर्जा. एवढ्या उष्णतेनं दोन लिटर पाणी १४ अंशांनी तापतं. पण तुमच्याकडं पाणी नाही, दोन्ही मिळून किलोभर ॲल्युमिनियमच्या रिम आहेत. ॲल्युमिनियमला तापायला पाण्याच्या पाचव्या हिश्श्याहून थोडी जास्तच उष्णता पुरते. वाऱ्यानं काहीच गेली नाही असं मानलं तर रिम १३० अंशांनी तापायला हवी. प्रत्यक्षात वारा बराच भाग घेऊन जातो, म्हणून एवढी तापत नाही. पण हळू उतरताना वारा कमी लागतो, आणि ट्रॅक्टरच्या मागं तुम्ही हळूच होतात. त्यामुळं हवेचा दाब वाढतो, रबर मऊ पडतं, सोल्यूशननं चिकटवलेला पॅच सुटतो, आणि ढिली कड निसटते. थंडी असो की ऊन, रिमला ते माहीत नसतं. ब्रेक सतत दाबून धरू नये. मोकळं सोडावं, वेग वाढला की दोन्ही ब्रेक जोरात दाबून कमी करावा, परत सोडावं. लांब उतारावर मधे थांबून रिमला हवा लागू द्यावी. हात लावून बघू नका, पोळतं.

सिंदफणा · मंगळवार, दुपारी ४.००

बीडहून. आमच्या मांजरसुंबा घाटात सायकलवर दूध आणणारे आजोबा होते, ते अर्ध्या घाटात हमखास उतरून चालायचे. आम्ही पोरं म्हणायचो दमले. आता कळलं, ते कॅनच्या ओझ्यानं ब्रेक तापतो म्हणून उतरायचे. त्यांची ती २८ इंची, रॉड ब्रेकची सायकल होती.

माझा प्रश्न वेगळा आहे. माझ्या मुलाच्या सायकलला नवीन टायर घातला, तो दोनदा रिममधून निसटला. दुकानदार म्हणतो रिम वाकडी आहे, आऊट काढून दिली. तरी परत निसटला. टायर २६ चाच आहे, रिम पण २६ चीच.

पाना_पक्कड · मंगळवार, संध्याकाळी ७.३०

सिंदफणा, २६ म्हणजे काहीच नाही. हा घोळ सगळीकडं आहे. २६ च्या नावाखाली तीन-चार वेगवेगळे घेर विकले जातात. टायरच्या बाजूला बारीक अक्षरात एक जोडीचा आकडा असतो, ३७-५९० असा. पहिला रुंदी मिलिमीटरमधी, दुसरा तार जिथं बसते तिथला व्यास. २६ × १⅜ चा टायर ५९० चा. २६ × १½ चा ५८४. जाड गोट्यांच्या डोंगरी टायरचा ५५९. आता ५५९ ची रिम असली तर ५९० चा टायर हातात घेतल्यावरच ढिला लागतो, कुणी फसत नाही. पण ५८४ च्या रिमवर ५९० चा टायर बसतो. फरक फक्त ६ मिलिमीटर. बसतो, हवा भरते, आणि एका बाजूनं निसटतो. रिमवर पण आकडा छापलेला असतो, आरे काढायची गरज नाही, पुसून बघा. २८ चंही तसंच आहे, जुन्या काळ्या सायकलचा ६३५, आणि ज्याला रेसर म्हणतात त्याचा ६२२.

दुसरं, ब्रेकची गुटकी बघा. गुटकी रिमवर टेकायला पाहिजे. अर्धा सेंटिमीटर वर सरकली तर ब्रेक मारला की टायरची बाजू घासते, आणि गोल चाकावर एका रेषेत सगळा धागा कापला जातो. असा टायर फुटतो तेव्हा हातभर फाटतो, गेटर (टायरला आतून लावायचा तुकडा) टाकूनही उपयोग नसतो. पूर्वी बाटलीसारखा डायनामो टायरला घासून दिवा लागायचा ना, त्यानं पण बाजू अशीच खाल्लेली असायची.

पूर्णाकाठ · मंगळवार, रात्री ८.५०

सगळ्यांना सांगायला आतुर होते.

मी, हिचे वडील आणि मुलगी, तिघं गेलो. ट्यूब, टायर, आणि शेजाऱ्यांची एक जुनी ट्यूब सोबत नेली. त्या मुलाचे वडील आधीच येऊन बाहेर पारावर बसले होते, टोपी हातात धरून. मला आत जायच्या आधी त्यांच्याशी बोलावंसं वाटलं. म्हणलं, भाऊ, तुमच्या मुलानं काही केलेलं नाही, आम्ही तेच दाखवायला आलोय. ते काही बोलले नाहीत, नुसते उठून आमच्या मागं आले.

विज्ञानाच्या बाईंनी सरांनी सांगितला तसा प्रयोग वर्गातच केला. मुलांना मागं उभं केलं, हातपंपानं बेताची हवा भरली, पिन टोचली. सुस्स. तेही इतकं हळू की मागच्या मुलांना ऐकू गेलं नाही, त्यांना जवळ बोलवावं लागलं. मग बाईंनी विचारलं, काल कसा आवाज आला होता? कुणीच काही बोललं नाही. मग हिच्या वडिलांनी स्वतः सांगितलं की टायर मी बसवला होता, ट्यूब माझ्याकडून दबली. ट्यूबवर घडी पडल्याची खूण पण होती, फाटीच्या दोन्ही टोकांना, बाईंनी ती सगळ्यांना दाखवली.

मुलीनं त्या मुलाची माफी मागितली. मी सांगितलं नव्हतं. तो म्हणाला, जाऊ दे. शाळेनंही त्याच्या वडिलांना बोलावून घेतल्याबद्दल त्यांच्याकडं दिलगिरी व्यक्त केली.

पाना_पक्कड दादा, आता टायर नीट बसवायचा कसा ते सांगा. मुलगी म्हणते मीच बसवणार.

पाना_पक्कड · मंगळवार, रात्री ९.३०

वाचून डोळे भरून आले ताई. ३१ वर्षांत माझ्या दुकानात कितीतरी पोरांनी येऊन सांगितलं असेल की अमक्यानं माझा टायर फोडला. मी कधी ट्यूब दाखवून समजावलं नाही, नवीन टाकून दिली नि पैसे घेतले. आता सांगत जाईन.

आता पोरीला सांगा. आधी टायर आतून फडक्यानं पुसायचा आणि बोट फिरवायचं, पण जपून, काटा आतच मोडलेला असतो. रिमवरची पट्टी आऱ्यांची टोकं झाकते का बघायचं. टायरची एक कड पूर्ण रिममधी घालायची. ट्यूबमधी दोन-तीन पंप हवा मारायची, गोल आकार येईल इतपत. कोरी चपटी ट्यूब घातली तर ती दबते. वॉल भोकात घालायचा, ट्यूब आत सारायची. दुसरी कड वॉलच्या समोरच्या बाजूनं घालत यायची आणि वॉलपाशी संपवायची. शेवटी घट्ट लागतं, तिथंच माणूस स्क्रूड्रायव्हर घालतो आणि ट्यूब चिमटते. हातानंच घालायची. जमत नसेल तर पलीकडची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबत यायचं, इकडं सैल मिळतं.

सगळ्यात महत्त्वाचं आता. वॉल बोटानं वर टायरमधी ढकलायचा आणि परत खाली ओढायचा, म्हणजे तिथली घडी सुटते. मग दोन्ही बाजूंनी टायर अंगठ्यानं आत दाबत पूर्ण गोल बघायचं. ट्यूबचा काळा पापुद्रा कुठं दिसला तर तिथं दबलीय. अर्धी हवा भरायची आणि थांबायचं. टायरच्या कडेला रिमलगत एक बारीक उठावदार रेघ असते, ती चाकभर रिमपासून सारख्या अंतरावर पाहिजे. कुठं वर गेलेली दिसली तर हवा सोडून परत बसवायचं. रेघ सारखी असली तरच पूर्ण हवा. ही रेघ बघायला अर्धा मिनिट लागतो, आणि ताई, सोमवारी सकाळी हवा भरल्यावर ती बघितली असती तर टायर तेव्हाच वर आलेला दिसला असता.

हातपंपानंच भरा. ट्रकच्या हवेवर जायचंच असेल तर थोडी थोडी, नळी काढून, अंगठ्यानं दाबून बघत. आणि भरताना तोंड चाकाच्या रेषेत ठेवू नका.

मांजराकाठ · बुधवार, सकाळी ६.५०

मी काल संध्याकाळी माझ्या सायकलचा टायर उजेडात धरून बघितला. बाजूला पूर्ण गोल भेगा पडल्यात, बारीक, कोरड्या जमिनीसारख्या. आठ वर्षं जुना आहे, वापरही कमी. मी म्हणायचो नवा आहे अजून.

बालाघाटी · बुधवार, सकाळी ९.१५

न वापरताही रबर म्हातारं होतं. हवेतला ओझोन आणि ऊन रबराच्या साखळ्या तोडतात, आणि ताणलेल्या रबरावर हे जास्त लवकर होतं. म्हणून भरलेलं चाक उन्हात वर्षभर उभं राहिलं की अशा भेगा पडतात. डिझेल, रॉकेल, मशीनचं तेल लागलं तरी रबर फुगून मऊ पडतं, चेनला तेल घालताना टायरवर ओघळ येऊ देऊ नका. भेगांतून धागा दिसत असेल तर बदला. तुमच्याकडं आता पाण्याचं ओझं नाही, पण मागं कुणी बसेल तेव्हा तो टायर नको.

पूर्णाकाठ · बुधवार, रात्री ८.२०

बसवला. पहिल्यांदा रेघ वॉलजवळ वर गेलेली दिसली. हवा सोडून परत बसवला, तेव्हा सारखी आली. हिच्या वडिलांनी बॅटरी धरली फक्त, हात लावला नाही. आज सायकल दिवसभर शाळेत त्याच भिंतीशी, त्याच उन्हात उभी होती.

एकच विचारायचं राहिलं. दादा, टायरची कड एकदा बाहेर आली होती, तर तार ताणून ढिली झाली नसेल ना?

पाना_पक्कड · बुधवार, रात्री ९.००

नाही. पोलादी तार एवढ्यानं ताणत नाही. वाकून तिचा कोन झाला असता तर बसवताना तिथं टायर वर आला असता आणि रेघ दुसऱ्यांदाही सारखी आली नसती. मुलीनं रेघ बघितलीय ना, मग बिनधास्त चालवू द्या. येत्या रविवारी परत एकदा बघा म्हणावं, आणि त्या मुलाच्या सायकलचीही बघून द्या.